मझल ब्रेक खांदा वाचवतो, पण कानाचं काय?

रायफलच्या नळीच्या टोकाला बसवलेला, बाजूंना भोकं असलेला, बोटाएवढा धातूचा तुकडा म्हणजे मझल ब्रेक. त्याचं काम एकच, गोळी झाडल्यावर खांद्याला बसणारा धक्का कमी करणं. जड काडतुसांच्या शिकारी रायफलींवर हल्ली तो बरेचदा कारखान्यातूनच बसून येतो आणि पुष्कळ जण तो तसाच ठेवतात. धक्का तो खरोखरच कमी करतो, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या बदल्यात काय द्यावं लागतं याचा. ती किंमत रायफल धरणाऱ्याला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही मोजावी लागते. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

आधी धक्क्याचा हिशेब मांडू. गोळी पुढे जाते म्हणून रायफल मागे येते, इतकं शाळेत शिकलेलं असतं. पण नळीतून बाहेर पडते ती नुसती गोळी नव्हे. काडतुसातली दारू जळून तिचा वायू होतो, पण तिचं वजन कुठे जात नाही. जेवढे ग्रॅम दारू भरली, तेवढे ग्रॅम वायू नळीच्या तोंडातून बाहेर पडतो, आणि तो गोळीपेक्षाही वेगाने पडतो.

.३०-०६ हे शिकारीचं जुनं, सर्वपरिचित काडतूस घ्या. गोळी ११.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ८२० मीटर. दारू सुमारे ३.६ ग्रॅम, आणि तिच्या वायूचा सरासरी वेग सेकंदाला १२५० मीटर धरू. वजन गुणिले वेग म्हणजे संवेग. गोळीचा संवेग आला सुमारे ९६००, वायूचा ४५००. एकूण १४,१००. म्हणजे धक्क्याचा जवळपास तिसरा हिस्सा गोळीचा नाहीच, वायूचा आहे. रायफलचं वजन ३.६ किलो असेल तर ती सेकंदाला ३.९ मीटर वेगाने मागे येते, आणि त्या वेगातली ऊर्जा होते साधारण २७ ज्यूल.

आता तेवढ्याच वजनाच्या रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नम घाला. गोळी तीच ११.७ ग्रॅमची, पण दारू ४.७ ग्रॅम आणि गोळीचा वेग ९०० मीटर. गोळीचा संवेग १०,५०० च्या आसपास, वायूचा ५९०० च्या. दारू एका ग्रॅमने वाढली आणि धक्क्याची ऊर्जा २७ वरून ३७ ज्यूलवर गेली. हा फरक खांद्याला लगेच कळतो. पहिल्या चारपाच गोळ्यांना माणूस हसतो, वीस गोळ्या झाल्या की गप्प होतो.

वायूचा तो हिस्सा ब्रेकच्या हाती लागतो. गोळीच्या संवेगाला तो हात लावू शकत नाही, कारण गोळी पुढेच जायला हवी. पण गोळीच्या मागून वायू येतो तेव्हा नळीच्या तोंडाशी हवेच्या दाबाच्या कित्येक शे पट दाब असतो. हा वायू ब्रेकमधल्या आडव्या पडद्यांवर आदळतो आणि त्यांना पुढे ढकलतो. पडदे नळीला जोडलेले, नळी रायफलीला, म्हणून सगळी रायफल पुढे ओढली जाते. शिवाय वायू सरळ पुढे न जाता बाजूने बाहेर पडतो, त्यामुळे त्याने मागे दिलेला रेटाही कमी होतो. भोकं मागच्या बाजूला तिरकी कापलेली असतील तर वायूचा झोत मागे फेकला जातो आणि रायफल आणखी पुढे खेचली जाते. पहिला पडदा सर्वांत जास्त काम करतो. पुढच्या प्रत्येकाच्या वाट्याला उरलेला वायू येतो, म्हणून पडदे दुप्पट केले तरी फायदा दुप्पट होत नाही.

समजा, चांगल्या ब्रेकने मॅग्नमच्या वायूच्या संवेगातला पाऊण भाग खाऊन टाकला. एकूण संवेग १६,४०० वरून १२,००० वर आला, म्हणजे चतुर्थांशाहून थोडा अधिक कमी झाला. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते. ती ३७ वरून २० ज्यूलवर येते, जवळपास निम्मी. जाहिरातीतले मोठे टक्के सहसा या ऊर्जेचे असतात. ते खोटे नसतात, पण कशाचे टक्के ते पाहून घ्यावं. एवढं मात्र खरं की ब्रेक लावलेली मॅग्नम ब्रेक नसलेल्या .३०-०६ पेक्षाही सौम्य लागते. मोठ्या काडतुसांच्या बाबतीत हा फार मोठा दिलासा आहे.

याच हिशेबावरून ब्रेक कुठे निरुपयोगी ठरेल तेही कळतं. जड, मंद गोळी आणि थोडी दारू असं काडतूस असेल तर वायूचा हिस्साच लहान असतो आणि नळीच्या तोंडाशी दाबही फारसा उरत नाही. तिथे ब्रेकला अडवायला काही नसतं. हलकी गोळी, भरपूर दारू आणि प्रचंड वेग अशा काडतुसांवर तो सर्वांत जास्त चालतो. .५० बीएमजी हे अवाढव्य काडतूस झाडणाऱ्या बॅरेट एम८२ रायफलीच्या तोंडावरचा बाणाच्या टोकासारखा भलामोठा ब्रेक याचं टोकाचं उदाहरण आहे. तो नसता तर ती रायफल माणसाने खांद्याला लावणं अवघड झालं असतं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ब्रेक लावल्याने रायफल जास्त अचूक होते, असं बरेच जण समजतात. गोळी नळीत असते तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते जेमतेम दोन मिलिमीटर. ब्रेक आपलं मुख्य काम सुरू करतो तोपर्यंत गोळी निघून गेलेली असते. त्यामुळे रायफलीची अचूकता तो वाढवत नाही. सुधारतो तो रायफल धरणारा माणूस.

ही सुधारणा कमी लेखू नये. धक्क्याची भीती बसलेला माणूस चाप ओढण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, खांदा पुढे रेटतो, मनगट आवळतो. रायफल रिकामी असतानाही तो असंच करतो, फक्त त्याला ते कळत नाही. कोणी काडतुसांमध्ये गुपचूप एखादं रिकामं काडतूस मिसळून दिलं, तर धक्का न बसताच नळी खाली झुकताना सगळ्यांना दिसते. शंभर मीटरवर ही सवय गोळी हातभर बाजूला नेऊ शकते. कागदावर ते एक चुकलेलं भोक असतं. जनावराच्या बाबतीत तो पोटात किंवा पायात लागलेला घाव असतो, आणि ते जनावर झुडपांत शिरून तासन्‌तास वेदनेत मरतं. म्हणून ज्याच्या हातून सवय सुटत नाही, ज्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्याला मोठ्या जनावरासाठी मोठंच काडतूस वापरावं लागतं, त्याने ब्रेक लावला तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

दुसरा फायदा रायफलीवरच्या दुर्बिणीतून पाहणाऱ्याचा. धक्का मोठा असला की नळी वर उसळते आणि नेमक्या त्या क्षणी दुर्बिणीतलं चित्र नाहीसं होतं. जनावर कुठे होतं, गोळी लागल्यावर त्याने पाय कसे टाकले, पाठ वाकवली की नाही, कुठल्या दिशेला पळालं, हे सगळं त्या अर्ध्या सेकंदात घडतं आणि शिकाऱ्याला दिसत नाही. घाव कुठे बसला हे जनावराच्या पहिल्या हालचालीवरून कळतं, आणि माग काढायला लगेच निघायचं की थांबायचं हेही त्यावरच ठरतं. ब्रेकमुळे नळी जागेवर राहिली तर हे दिसतं आणि दुसरी गोळीही लवकर झाडता येते. लांब पल्ल्याच्या स्पर्धांमध्ये लोक अगदी सौम्य काडतुसांच्या रायफलींवरही ब्रेक लावतात ते यासाठीच. आपली गोळी कुठे पडली ते त्यांना स्वतः पाहायचं असतं. अर्थात दुर्बिणीतलं चित्र मोठं करण्याचं प्रमाण कमी ठेवलं की हा फायदा ब्रेकशिवायही बराचसा मिळतो, आणि शिकारीत बहुतेकांनी ते तसंही गरजेपेक्षा जास्त ठेवलेलं असतं.

आता कानाकडे येऊ. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

ब्रेक नसताना स्फोटाचा आवाज मुख्यतः पुढे फेकला जातो. रायफल धरणारा नळीच्या मागे असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला तुलनेने कमी येतो. ब्रेक तोच वायू वळवतो, बाजूला आणि मागे. दारू तेवढीच आणि स्फोटही तेवढाच. बदलते ती दिशा, आणि ती वळते तुमच्या तोंडाकडे. साधी शिकारी रायफल झाडणाऱ्याच्या कानाशी साधारण १५५ ते १६५ डेसिबलचा आवाज करते. ब्रेक त्यात ५ ते १० डेसिबलची भर घालू शकतो. ऐकायला हे थोडं वाटतं, कारण डेसिबलची मोजपट्टी सरळ चालत नाही. १० डेसिबल वाढणं म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा पट होणं आणि दाब तीन पटींहून अधिक होणं.

अशा क्षणिक स्फोटक आवाजासाठी मोठ्या माणसाच्या कानाची मर्यादा १४० डेसिबल मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ती १२० ठेवली आहे. म्हणजे ब्रेक नसलेली रायफलसुद्धा उघड्या कानाने झाडणं धोक्याचंच. ब्रेक असलेली तर एका गोळीत कायमचं नुकसान करू शकते. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. पाखरांची किलबिल आणि लहान मुलांचे शब्द ऐकू येईनासे होतात, गर्दीत समोरचा काय म्हणतो ते कळत नाही. मागे राहते ती कानात चोवीस तास वाजणारी शिट्टी. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा डावा कान सहसा आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्या कानाला डोक्याची थोडीशी आड मिळते.

शिकारीत एक फसवी गोष्ट घडते. जनावर समोर आलं की माणूस इतका एकाग्र झालेला असतो की त्याला स्वतःच्या बंदुकीचा आवाज नीट जाणवतच नाही. ‘मला तर काही त्रास झाला नाही,’ असं तो मनापासून सांगतो. मेंदूने आवाजाकडे लक्ष दिलं नाही, पण कानाच्या पेशींवर आघात पुरता बसलेला असतो. म्हणूनच ‘शिकारीत एकदोनच गोळ्या तर झाडायच्या, त्याला कानाला काय लावायचं’ हा युक्तिवाद ब्रेक असलेल्या रायफलीच्या बाबतीत अजिबात टिकत नाही.

मग उपाय? कानात बोळे आणि वर मफ, म्हणजे कान झाकणाऱ्या वाट्या, दोन्ही. फक्त एक वापरून भागेल असं समजू नका. वेष्टनावर लिहिलेला आवाज-रोधाचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. चष्म्याच्या काड्या, टोपी आणि घाईत अर्धवट बसवलेला बोळा यांमुळे तो प्रत्यक्षात कमीच मिळतो. दोन्ही वापरले म्हणून दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही, वर साधारण ५ डेसिबलचीच भर पडते, पण १६५ डेसिबलच्या आवाजाशी गाठ असताना ते पाचही मोलाचे असतात. रानात पानांची सळसळ ऐकायला हवी म्हणून मफ नको असेल तर इलेक्ट्रॉनिक मफ मिळतात. ते हळू आवाज आत सोडतात, मोठा करतात आणि स्फोटाच्या क्षणी बंद होतात. ब्रेक घ्यायचा तर ते आधी घ्या, ब्रेक नंतर.

शेजारच्या माणसाचं काय? ब्रेक लावणारे बहुतेक वेळा ही बाजू विसरतात, आणि मला ती सर्वांत अन्यायाची वाटते. धक्का कमी होतो तो रायफल धरणाऱ्याचा. झोत बसतो तो नळीच्या बाजूला उभ्या असलेल्याला, आणि तिथे आवाज सर्वांत वाईट असतो. सोबतचा वाटाड्या, दुर्बीण घेऊन माग सांगणारा मित्र, पायाशी बसलेला कुत्रा, यांनी काहीच मागितलेलं नसतं. कुत्र्याला तर कानात बोळा घालायची सोयही नाही. आफ्रिकेतले अनुभवी व्यावसायिक शिकारी ब्रेक असलेल्या रायफली घेऊन येणाऱ्या पाहुण्यांवर नाराज असतात, कारण पाहुणा एका सहलीत चारदोन गोळ्या झाडून जातो आणि तो माणूस वर्षानुवर्षं दर पाहुण्याच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. लाकडी मचाण, बंदिस्त टपरी किंवा गाडीची खिडकी अशा जागेतून ब्रेकची रायफल झाडणं तर टाळावंच. भिंतीवरून परतणारा आवाज आतल्या सर्वांवर पुन्हा आदळतो.

ब्राउनिंग या बंदुका बनवणाऱ्या कंपनीचं बॉस नावाचं उपकरण आवाजाच्या या त्रासाची साक्ष देतं. १९९० च्या दशकात ते आलं. नळीच्या कंपनांचा मेळ घालून अचूकता वाढवायची आणि सोबत भोकांनी धक्का कमी करायचा, अशी दुहेरी योजना होती. पुढे त्याच कंपनीने भोकं नसलेलं, धक्का कमी न करणारं रूपही विकायला ठेवलं. अचूकतेची सोय हवी पण तो आवाज नको, असं म्हणणारे गिऱ्हाईक होतेच.

जमिनीचाही प्रश्न आहे. भोकं चारी बाजूंनी असतील आणि तुम्ही पालथे पडून झाडत असाल, तर खालचा झोत माती, बर्फ, वाळलेली पानं उडवतो आणि पुढचे काही सेकंद काहीच दिसत नाही. म्हणजे नळी स्थिर ठेवून जे पाहायचं होतं, ते ब्रेकनेच झाकलं. इथे तोफखान्याचा अनुभव आठवतो. दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन रणगाड्याच्या ७६ मिलिमीटर तोफेचा धूर आणि धूळ तोफ चालवणाऱ्यांच्या नजरेआड लक्ष्य करत असे. नंतरच्या तोफांना मझल ब्रेक लावून तो झोत बाजूला वळवला. तीच युक्ती रायफलीतही चालते. ज्या ब्रेकला खाली भोकं नाहीत, फक्त दोन्ही बाजूंना आहेत, तो घ्यावा. मात्र असा ब्रेक नेमक्या कोनात बसवावा लागतो, नाहीतर झोत तिरका जाऊन नळी प्रत्येक गोळीला एका बाजूला ढकलली जाते.

बसवण्याच्या कामाबद्दल थोडं. नळीवर आटे पाडावे लागतात आणि ते नळीच्या छिद्राशी अगदी समकेंद्री हवेत. बाहेरच्या पृष्ठभागावरून मोजून पाडलेले आटे चालत नाहीत, कारण बऱ्याच नळ्यांचं छिद्र बरोबर मधोमध नसतं. ब्रेकचं भोक गोळीच्या व्यासाहून साधारण अर्धा मिलिमीटरच मोठं असतं. ब्रेक किंचित वाकडा बसला तरी गोळी पडद्याला घासते. घासली तर नेम जातो, आदळली तर ब्रेक फुटू शकतो. हे काम लेथवर नीट बसून करणाऱ्या अनुभवी कारागिरालाच द्या. नळीवरच थेट भोकं पाडून घेण्याचाही एक मार्ग आहे, पण ती पुन्हा बुजवता येत नाहीत. ब्रेक निदान काढता तरी येतो.

आणि काढता येतो म्हणून घोटाळाही होतो. ‘सरावाला ब्रेक लावू, शिकारीला काढू’ हा विचार मला पटतो, कारण सराव कान झाकून होतो आणि रानात सोबती असतात. पण नळीच्या टोकावरचं वजन बदललं की नळीचं कंपन बदलतं आणि गोळी दुसरीकडे पडते. किती आणि कुठल्या बाजूला, हे प्रत्येक रायफलीचं वेगळं असतं. म्हणून ब्रेक काढल्यावर नेम पुन्हा तपासल्याशिवाय रानात जाऊ नये. शिवाय सगळा सराव सौम्य धक्क्यावर केला आणि शिकारीला एकदम पूर्ण धक्का आला, तर जुनी दचकण्याची सवय उफाळून येते. शेवटच्या काही सरावांत तरी रायफल ज्या स्थितीत रानात न्यायची, त्याच स्थितीत झाडावी.

लांबी आणि वजन या गोष्टी मी फार मोठ्या मानत नाही. पाचसहा सेंटिमीटर लांबी झुडपांत अडते आणि शंभरेक ग्रॅम टोकाला जड लागतात, इतकंच. ब्रेकच्या आत काजळी साठते, ती मात्र वेळोवेळी काढावी, नाहीतर आटे घट्ट बसून ब्रेक निघेनासा होतो.

ब्रेकच्या आधी विचारात घ्यावेत असे पर्याय तीन आहेत, आणि माझ्या मते बहुतेकांचं काम पहिल्यावरच भागतं. काडतूस लहान घ्या. ६.५ क्रीडमूर हे २००७ साली आलेलं काडतूस वरच्याच वजनाच्या रायफलीत जेमतेम १६ ज्यूलचा धक्का देतं, म्हणजे ब्रेक लावलेल्या मॅग्नमपेक्षाही कमी. हरणांसारख्या मध्यम जनावरासाठी नेहमीच्या पल्ल्यात ते पुरून उरतं. मॅग्नम घेऊन तिला ब्रेक लावायचा आणि मग कानासाठी दुहेरी रोध शोधायचा, यापेक्षा हा रस्ता कितीतरी सरळ आहे. दुसरा पर्याय वजन आणि दस्ता. डोंगर चढायला हलकी म्हणून घेतलेली अडीच किलोची रायफल धक्क्याला फार वाईट. किलोभर वजन वाढवलं, मागे चांगलं मऊ रबरी पॅड लावलं आणि दस्ता स्वतःच्या हाताच्या मापाचा करून घेतला, तर पुष्कळ फरक पडतो. दस्ता लांबीला चुकीचा असेल तर सौम्य काडतूसही गालाला लागतं.

तिसरा पर्याय सायलेन्सर, म्हणजे सप्रेसर. तो वायूला कोंडून थंड करतो आणि हळूहळू बाहेर सोडतो. त्यामुळे धक्का ब्रेकइतका नाही तरी चांगला कमी होतो आणि आवाज २० ते ३० डेसिबलने उतरतो. तरीही तो १४० च्या आसपासच राहतो, म्हणून कान झाकावेच. पण सोबत्याला, कुत्र्याला आणि दूरच्या वस्तीला त्याचा फायदाच होतो. फिनलंड, नॉर्वे, न्यूझीलंड इथे शिकारी रायफलीवर तो सर्रास दिसतो. काही देशांत त्याला परवाना लागतो, काही ठिकाणी तो पूर्ण बंद आहे. जिथे तो कायद्याने मिळतो तिथे शिकारीसाठी ब्रेक निवडण्याचं कारण मला फारसं दिसत नाही. अपवाद अगदी मोठ्या काडतुसांचा.

ज्यांनी ब्रेक लावायचं ठरवलं आहे त्यांनी रायफल उचलण्याआधी सोबत्यांना मोठ्याने सांगावं, ‘ब्रेक आहे, कान झाका, माझ्या मागे या.’ नळीच्या बाजूला कोणी उभं असेल तर चाप ओढू नये, मग समोर कितीही मोठं जनावर असो.